दिलेलं झाड

उलव्यात जुनं झाड शोधायला निघालात तर बरीच पायपीट होईल. नवी मुंबईचा हा भाग खाडीकाठच्या खाजणांवर आणि भातशेतीवर भराव टाकून उभा राहिला. रस्त्याकडेला झाडं आहेत, पण त्यातली बरीचशी माझ्या दहावीच्या विद्यार्थ्यांपेक्षा वयाने लहान. इमारतीभोवतीची जमीन म्हणजे मुरूम आणि डबर. कुंडीत भरायची लाल मातीसुद्धा पोत्याने विकत घ्यावी लागते. वर खाडीचा खारा वारा आहे, आणि कुठे ना कुठे चालू असलेल्या बांधकामाची धूळ आहे.

तरीही संध्याकाळी कुठल्याही सेक्टरमधून चालत जा आणि वर बघा. ग्रिलमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर, एसीच्या जाळीवर, रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये हिरवं काहीतरी दिसतंच. त्या घरच्या माणसाला विचारा, हे कुठून आणलं? उत्तरात नर्सरीचं नाव क्वचित येतं. "हे नणंदेकडचं." "ही काडी ऑफिसमधल्या मॅडमनी दिली." "कढीपत्त्याचं हे पिल्लू वरच्या केरळी आंटींकडून आलं." नर्सरीतून आणलेले गुलाब आणि शेवंतीही असतात. पण दोन वर्षांनी त्याच घरात गेलात तर त्या कुंड्या रिकाम्या दिसतात, आणि नणंदेकडचं झाड मात्र जागेवर असतं.

कारण साधं आहे. विकत आणलेलं झाड मेलं तर पैसे जातात. दिलेलं झाड मेलं तर पुढच्या वेळी भेटल्यावर "काय म्हणतंय आमचं झाड?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

अशा दिल्या-घेतल्या झाडांमध्ये मानाचं पान ब्रह्मकमळाचं. महाराष्ट्रात ज्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, ते खरं तर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात दुसऱ्या झाडांच्या अंगावर वाढणारं निवडुंग आहे, आणि ड्रॅगनफ्रूटचं नातेवाईक. हिमालयात उंचावर उगवणारं, उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ वेगळं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आपल्या कुंडीतल्या या पाहुण्याला आपण एक मोठं नाव देऊन घरचं करून टाकलं. आपण ज्याला त्याचं पान म्हणतो तेसुद्धा पान नाही, चपटं झालेलं खोड आहे. म्हणूनच ते मातीत अर्धं खोचलं की मुळं धरतं.

या झाडाची एक गंमत आहे. त्याचा पराग त्याच्याच फुलाला सहसा चालत नाही. फळ धरायला वेगळ्या वंशाचं दुसरं झाड जवळ हवं. आणि एका पानापासून केलेली सगळी झाडं म्हणजे मुळात एकच झाड. पहिल्या मजल्यावरचं, पाचव्या मजल्यावरचं आणि पनवेलला मावशीकडे गेलेलं, ही तिन्ही एकाच झाडाची अंगं. त्यामुळे आपल्याकडच्या ब्रह्मकमळाला फळ लागलेलं तुम्ही बहुधा पाहिलं नसेल. फळ नाही म्हणजे बी नाही, आणि बी नाही म्हणजे पाखरं, वारा, पाणी यांपैकी कुणीही त्याला पुढे नेऊ शकत नाही. महाराष्ट्रातल्या इतक्या गॅलऱ्यांमध्ये ते पोचलं ते फक्त माणसाच्या हाताने. कुणीतरी पान तोडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दुसऱ्याला दिलं.

मला ते पान दिलं तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी. आम्ही उलव्यात घर शोधत होतो तेव्हा फोनवर पहिला प्रश्न नावाचा असायचा. नाव सांगितलं की पलीकडचा आवाज बदलायचा, आणि "मालकांना विचारून कळवतो" म्हणून फोन ठेवला जायचा. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना जास्त सांगायला नको. ज्यांनी अनुभवलं नाही त्यांच्यासाठी एवढंच पुरे. शेवटी घर मिळालं. सामान लावून झालं नव्हतं, तेव्हा जिन्यात वहिनी भेटल्या. माझ्या हातात मेंदीची आणि हिरव्या चाफ्याची कुंडी होती. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "तुमच्याकडे ऊन किती वेळ येतं?"

झाडवाल्या माणसांचा पहिला प्रश्न हाच असतो, हे माझ्या पुढे लक्षात आलं. ऊन किती, कुठल्या बाजूने येतं, पाणी बोअरचं की नळाचं, रेलिंगवर कुंड्या ठेवायला सोसायटीची हरकत आहे का. त्या प्रश्नांच्या उत्तरांवरून काय द्यायचं ते ठरतं. माझं ऊन सकाळचं आणि तेही दोन तासांचं, म्हणून मला ब्रह्मकमळ मिळालं. दुपारचं कडक ऊन असतं तर चिनी गुलाब मिळाला असता.

त्या पानाला पहिली कळी यायला तीन पावसाळे जावे लागले. कळी आधी खाली लोंबते, मग हत्तीने सोंड उचलावी तशी वर वळते. ती वळली की एक-दोन दिवसांत फूल. रात्री नऊच्या सुमारास पाकळ्या सुटू लागतात, मध्यरात्री फूल पूर्ण उघडतं आणि सकाळी मलूल होऊन लोंबतं. त्यामुळे बघायचं तर रात्रीच बघावं लागतं. "आज उमलणार" असा मेसेज गेला की लोक झोपायच्या कपड्यांत जिने चढून येतात. कुणी हात जोडतं. मी मनात सुब्हानअल्लाह म्हणते. चहा होतो. निघताना कुणीतरी अडखळत विचारतंच, "एक पान मिळेल का?"

आता कुणाला वाटेल, एवढं देत गेलं तर आपल्याकडे काय उरणार? झाडांचा हिशेब आपल्या हिशेबासारखा नाही. फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा खुडला की ते डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन-तीन फांद्या होतात. पुदिना, सब्जा, अबोली, जास्वंद, सगळ्यांचं असंच. रमजानात रोज पुदिन्याची जुडी घरी येते. पानं चटणीला गेली की काड्या पाण्याच्या ग्लासात ठेवा, आठवड्याभरात मुळं दिसतात. कंदांची आणि ठोंबांची गोष्ट तर आणखी पुढची. गवती चहा, अळू, कर्दळ, लिली यांचा ठोंब वेळेवर फोडून वाटला नाही तर कुंडीत दाटी होते आणि फूल कमी येतं. म्हणजे न देणाऱ्याचंच नुकसान.

या बाबतीत पानफुटीइतकं उदार झाड मी पाहिलं नाही. कोकणात मुतखड्यावरचं औषध म्हणून घरोघरी ओळखतात ती. तिचं जाड पान जमिनीवर नुसतं टाकलं तरी पानाच्या कडेच्या खाचांतून इवली इवली रोपं निघतात. मूळची ती मादागास्करची. जर्मन महाकवी गटेला या झाडाचा लळा लागला होता. गटे वनस्पतींचाही अभ्यासक होता, झाडांच्या रूपांतरावर त्याने १७९० मध्ये पुस्तक लिहिलं होतं. पानफुटीची पानं आणि रोपं तो मित्रांना वाटायचा. मारियाना फोन विलेमर या आपल्या मैत्रिणीला त्याने असं एक पान पाठवलं, आणि ते कसं लावायचं हेही सोबतच्या कवितेत सांगितलं. आजही युरोपात या झाडाला गटेचं नाव लावतात. हा तोच गटे, ज्याने हाफिजचा दीवान अनुवादातून वाचला आणि १८१९ मध्ये स्वतःचा पूर्व-पश्चिमेचा दीवान छापला. त्यातल्या काही कविता मारियानाच्या आहेत, हे फार उशिरा उघड झालं. आणि त्याच दीवानाला उत्तर म्हणून अल्लामा इक्बाल यांनी १९२३ मध्ये फारसीत 'पयाम-ए-मश्रिक' लिहिलं. उर्दूच्या वर्गात मी हे सांगते तेव्हा जाताना खिडकीतलं पानफुटीचं पान मुलांना देते. शिराझहून वायमारला आणि वायमारहून लाहोरला कविता गेली ती अशीच, हातोहात.

अर्थात आजच्या काळात प्रत्येक दुर्मीळ गोष्टीला बाजार आहे. हिरव्यात पांढरे पट्टे असलेल्या पानांची झाडं टाळेबंदीच्या काळात जगभर अशी महागली, की २०२१ मध्ये न्यूझीलंडमध्ये अवघ्या नऊ पानांचं एक झाड लिलावात २७ हजारांहून अधिक डॉलरला गेलं. त्या किमतीचं कारण एकच, ते फार थोड्यांकडे होतं. उद्या सगळ्यांकडे झालं की किंमत संपली. म्हणून अशी झाडं विकणारा माणूस शेवटची काडी राखून ठेवतो. वहिनींसारखा माणूस पहिली काडीच देऊन टाकतो. दोघांना त्याच झाडाचं वेड आहे. पण पहिल्याच्या घरी चोरी झाली, कीड पडली, तर खेळ खलास. दुसऱ्याचं झाड दहा घरी ठेवलेलं असतं.

मघाशी हिरव्या चाफ्याच्या कुंडीचा उल्लेख केला. ती माझ्या खालाकडची. खाला श्रीवर्धन तालुक्यात राहते. तिच्या विहिरीवर हिरव्या चाफ्याचा जुना वेल होता. हे झाड तसं कमी दिसतं. फूल पानाच्याच रंगाचं, त्यामुळे डोळ्यांना सापडत नाही. फूल पिकत पिवळं होऊ लागलं की पिकल्या फळासारखा घमघमाट सुटतो आणि मग नाकाने शोधावं लागतं. त्याची बी रुजायला महिने लावते, म्हणून खालाने गुटी बांधली. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरची बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं. पावसाळ्यात हे केलं की दोन-तीन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. मग खालून कापायचं. २०१४ च्या पावसाळ्यात तिने अशा तीन गुट्या केल्या, एक मला, एक महाडला नणंदेला, एक शेजारच्या गुरुजींना.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाड्यांमध्ये पिकते त्या वाड्या त्या एका दुपारी आडव्या झाल्या. सुपारीला काडी लावता येत नाही, गुटी बांधता येत नाही. बी पेरायची आणि पहिल्या पिकाची पाच-सहा वर्षं वाट बघायची. खालाच्या घराची कौलं उडाली, आंबा विहिरीवर पडला, आणि त्याखाली हिरवा चाफा गेला. टाळेबंदी होती, आम्हाला लगेच जाता आलं नाही. फोनवर ती सुपाऱ्यांबद्दल बोलली, आंब्याबद्दल बोलली, चाफ्याबद्दल काही बोलली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी माझ्या कुंडीतल्या वेलावर गुटी बांधली आणि दिवाळीच्या सुट्टीत घेऊन गेले. खालाने ती हातात घेतली, मुळांकडे बघितलं आणि मला एक जुनी गोष्ट सांगितली. पैगंबरांच्या घरी बकरी कापली होती. सगळं मांस वाटून झालं. काय उरलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हजरत आयेशा म्हणाल्या, फक्त खांदा उरलाय. त्यावर त्यांचं म्हणणं असं होतं की खांदा सोडून बाकी सगळं उरलं. ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आले आहे, सदक्याचं पुण्य समजावून सांगण्यासाठी ती नेहमी सांगतात. जे दिलं ते अल्लाहकडे जमा झालं, असा तिचा अर्थ. खालाच्या विहिरीवर तिचा आणखी एक अगदी रोखठोक अर्थ दिसला. तिने ठेवलेला चाफा गेला होता. दिलेला परत आला होता.

जी गोष्ट वादळाची, तीच विस्थापनाची. आमच्या खिडकीतून पूर्वी जी टेकडी दिसायची ती आता नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचं पात्र वळवलं आणि दहा गावं हलवली. खारकोपरच्या बाजारात एक काकी भाजी आणि गजरे घेऊन बसतात. त्यांचं सासर त्या दहांपैकी एका गावातलं. घराची मोजणी झाली, कागद झाले, नवा प्लॉट मिळाला. पण परसातला बटमोगरा मुळासकट निघाला नाही, उचलताना गड्डा फुटला आणि तो वाळला. काकींच्या लेकीने लग्नानंतर त्याच्या काड्या उरणला नेल्या होत्या. आज नव्या घरापुढे जो मोगरा आहे तो तिथून परत आलेला. त्याचेच गजरे असतात का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तो विकायचा नाही. तो आमच्या गावचा आहे." ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. धावपट्टी जिथे आहे तिथल्या मातीतलं काहीतरी अजून जिवंत आहे, कारण कधीकाळी एका लेकीला चार काड्या दिल्या होत्या.

देण्याबद्दल आपल्या दीनमध्ये खूप सांगितलंय. कुणी झाड लावलं आणि त्यातलं पाखराने, माणसाने किंवा जनावराने खाल्लं तर तो लावणाऱ्याचा सदका, ही हदीस मशिदीत पर्यावरण दिनाला हमखास ऐकू येते. मला मात्र त्याहून कमी ऐकू येणारी एक हदीस आवडते. ती घेण्याबद्दलची आहे. कुणी तुम्हाला रैहान देऊ केलं तर नाकारू नये, कारण ते न्यायला हलकं असतं आणि त्याचा सुवास चांगला, अशा अर्थाची ती आहे. सहीह मुस्लिममध्ये आहे. किती व्यवहारी शिकवण! मोठी भेट घेतली की माणूस उपकाराखाली येतो, परतफेडीचं ओझं होतं. सुगंधी काडीचं ओझं होत नाही. म्हणून ती घ्या, देणाऱ्याचं मन मोडू नका.

रैहान म्हणजे आपला सब्जा. फालुद्यात आणि रमजानच्या सरबतात ज्याचं बी घालतो तोच. तुळशीचा सख्खा भाऊबंद, दोन्ही एकाच कुळातले. आपल्याकडे कबरीवर सब्जा लावतात, दर्ग्यात गुलाबाबरोबर सब्जाच्या काड्या वाहतात. त्यामुळे वहिनींनी जेव्हा माझ्याकडे सब्जाचं रोप मागितलं तेव्हा मी आधी सांगून टाकलं की आमच्यात हे कब्रस्तानात लावतात, तुम्हाला घरात चालेल ना? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे माणूस जाताना तोंडात तुळशीपत्र ठेवतात. मग मी तुळस काढून टाकू का?" त्यांच्या वृंदावनाशेजारी आता सब्जा आहे. वास जवळ जवळ सारखा येतो, फक्त सब्जाचा थोडा गोड.

हे सगळं गॅलरीतल्या छंदापुरतं आहे असं समजू नका. याच देण्याघेण्यावर शेती उभी राहिली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावठी वाल, घेवडे, भाज्या, भात यांचं बियाणं त्यांनी राखेत आणि मडक्यांत जपलं. बायफ संस्थेच्या मदतीने त्याची बँक झाली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या बँकेचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: बी न्या, पिकवा, आणि दुप्पट परत आणा. व्याज म्हणाल तर आहे, पण ते पुढच्या शेतकऱ्याच्या ओंजळीत जातं.

देण्याची दुसरी बाजूही आहे, ती लपवू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८० च्या दशकात आपल्या भाताच्या शेतात काही वेगळ्या ओंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या आणि बी शेजाऱ्यांना दिलं. त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून तो तांदूळ एचएमटी म्हणून बाजारात गेला आणि कित्येक राज्यांत पोचला. दीड एकराच्या या धन्याला सत्कार मिळाले, पैसा मात्र दुसऱ्यांना मिळाला. जून २०१८ मध्ये ते गरिबीतच गेले. देणाऱ्याचं नाव पुसलं गेलं की देणं हे देणं उरत नाही, त्याची लूट होते. म्हणून झाड पुढे देताना ते कुणाकडचं आहे हे सांगायची आपल्या बायकांची जी सवय आहे, तिला मी फार मानते. "हा श्रीवर्धनच्या खालाचा चाफा" एवढं म्हटलं की खालाचा हक्क तिला पोचला.

आपल्या देशाच्या कायद्यानेही ही देवाणघेवाण ओळखली आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात कलम ३९ आहे. शेतकऱ्याने आपलं बियाणं जपावं, पुन्हा पेरावं, दुसऱ्याला द्यावं, अदलाबदल करावी, विकावं, हा त्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी कंपनीसारखं ब्रँड लावून विकता येत नाही. २०१९ मध्ये गुजरातच्या काही बटाटा उत्पादकांवर चिप्स बनवणाऱ्या एका कंपनीने खटले भरले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने हेच कलम पुढे करण्यात आलं, आणि गदारोळ झाल्यावर कंपनीने खटले मागे घेतले. काडी देणं ही इतकी साधी गोष्ट आहे, तरी तिच्यासाठी कधी कधी कोर्टात उभं राहावं लागतं.

दोन काळज्या मात्र घ्याव्यात. काडीबरोबर पिठ्या ढेकूणही प्रवास करतो, म्हणून पानाची मागची बाजू बघून द्या, आणि नवीन आलेली कुंडी पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा. आणि जे झाड कुंडीबाहेर जाऊन रान माजवेल ते हौसेने वाटू नका. आज सह्याद्रीच्या उतारांवर जी घाणेरी पसरली आहे ती इंग्रजांच्या काळात शोभेचं झुडूप म्हणूनच आली होती. तलाव झाकून टाकणारी जलपर्णीसुद्धा तिच्या सुंदर फुलासाठीच लोकांनी उचलली. दिलं ते प्रेमानेच असेल, पण कुठे वाढणार याचा विचार कुणी केला नाही. ऊन किती येतं, हा प्रश्न म्हणूनच कामाचा. तो विचारणारा माणूस झाडाचाही विचार करतो आणि घेणाऱ्याचाही.

पाऊस सुरू झाला की देण्याचे दिवस येतात. या वर्षी माझ्याकडे ब्रह्मकमळाची सहा-सात पानं, सब्जाची रोपं, मेंदीच्या काड्या आणि पानफुटी हवी तेवढी आहे. हिरव्या चाफ्याच्या दोन गुट्या बांधल्या आहेत. त्यातली एक खारकोपरच्या काकींना कबूल केली आहे, दुसरी अजून कुणाची नाही. उलव्यात असाल तर कळवा, येताना ओलं फडकं आणि पिशवी घेऊन या. आणि हो, तुमच्याकडे ऊन कुठल्या बाजूने येतं, ते आधी बघून ठेवा.